लेथवर आट्यांचा पिच वारंवार चुकतो तेव्हा: चेंज गिअरची साधी आणि संयुक्त मांडणी कशी तपासावी

ज्या लेथवर प्रत्येक नव्या पिचसाठी, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतरासाठी, गिअर (चेंज गिअर) हाताने बदलावे लागतात, त्या लेथवर एक तक्रार पुन्हापुन्हा ऐकू येते. हिशोब बरोबर असतो, गिअरही हिशोबाप्रमाणे लावलेले असतात, तरी आटे पाडून झाल्यावर नट दोन-तीन फेरे मोकळा जातो आणि मग अडकतो. कधी पिच गेज लावल्यावर भलताच पिच निघतो, तर कधी कागदावर नीट जुळलेले गिअर क्वाड्रंटवर (मधले गिअर धरणाऱ्या, खाच असलेल्या फिरत्या पट्टीवर) बसायलाच तयार नसतात. अशा वेळी बहुतेक ठिकाणी सगळे गिअर उतरवून पुन्हा पहिल्यापासून लावले जातात, आणि चूक कुठे होती हे कळलेले नसल्यामुळे बऱ्याचदा तीच चूक पुन्हा लावली जाते. वास्तविक चुकलेला पिच ही स्वतःच एक उपयोगी माहिती आहे. तो नेमका किती चुकला आहे हे पाहिले, तर दोष मांडणीच्या कोणत्या भागात आहे हे पाना हातात घेण्याआधीच बहुतेक वेळा सांगता येते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील किंवा भोसरीतील लहान वर्कशॉपमध्ये आणि आयटीआयच्या टर्नर विभागात असलेले जुने लेथ डोळ्यांसमोर ठेवून पुढील विवेचन केले आहे. ज्या लेथवर नॉर्टन पद्धतीची, म्हणजे लिव्हरने पिच निवडता येणारी गिअरबॉक्स आहे, तिथेही स्पिंडल (चक आणि जॉब फिरवणारा मुख्य दांडा) आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सुटे गिअर असतातच. त्यामुळे लिव्हर तक्त्याप्रमाणे असूनही पिच चुकत असेल, तर आधीच्या माणसाने वेगळ्या कामासाठी लावलेली जोडी तशीच राहिलेली नाही ना, हे आधी पाहावे.

आधी मोजमाप

एकच पिच मोजून काहीही सिद्ध होत नाही, कारण व्हर्निअरने एक आटा मोजताना होणारी चूक ही आपण शोधत असलेल्या चुकीएवढीच असू शकते. म्हणून जॉबवर टूलचा नुसता ओरखडा उमटेल इतकाच हलका कट घ्यावा, दहा पिचचे अंतर मोजावे आणि त्याला दहाने भागावे. दहा पिच म्हणजे अकरा ओरखडे. दहा ओरखड्यांमधले अंतर मोजून दहाने भागणे ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही, आणि तिच्यामुळे बरोबर असलेला पिचही दहा टक्के कमी दिसतो. यानंतर मिळालेल्या पिचला हव्या असलेल्या पिचने भागावे. येणाऱ्या संख्येला या लेखापुरते ‘गुणक’ म्हणू. गुणक १ आला आणि तरीही आटे खराब होत असतील, तर दोष गिअरच्या गुणोत्तरात नाही. त्याचा विचार शेवटी केला आहे.

गुणोत्तर कशाचे काढायचे

स्पिंडलचा एक फेरा पुरा होतो तेवढ्यात टूल एक पिच पुढे सरकले पाहिजे. लीड स्क्रू म्हणजे कॅरेजला, टूल धरणाऱ्या सरकत्या भागाला, पुढे नेणारा आट्यांचा लांब दांडा; त्याच्या एका फेऱ्यात कॅरेज त्याच्या पिचएवढी सरकते. म्हणजे स्पिंडलच्या एका फेऱ्यामागे लीड स्क्रूने जितके फेरे घ्यायचे, ती संख्या पाडायच्या पिचला लीड स्क्रूच्या पिचने भागून मिळते. तीच संख्या सर्व चालक (फिरवणाऱ्या) गिअरच्या दात्यांच्या गुणाकाराला सर्व चालित (फिरवल्या जाणाऱ्या) गिअरच्या दात्यांच्या गुणाकाराने भागल्यावर आली पाहिजे. आटे दुहेरी असतील, म्हणजे एका जॉबवर दोन सुरुवाती असतील, तर पिचऐवजी लीड, म्हणजे दुप्पट पिच धरावा लागतो.

पुढे स्पिंडलकडच्या स्टडवरील (गिअर बसवायच्या आखूड दांड्यावरील) गिअरला क, क्वाड्रंटवरच्या मधल्या स्टडवरील दोन गिअरना ख आणि ग, आणि लीड स्क्रूवरील गिअरला घ म्हटले आहे. साध्या मांडणीत मध्ये एकच आयडलर, म्हणजे दोघांना नुसता जोडणारा गिअर, असतो. तो क कडून चालवला जातो आणि घ ला चालवतो, म्हणजे त्याचे दाते एकदा छेदात आणि एकदा अंशात येऊन रद्द होतात. म्हणून गुणोत्तर फक्त क/घ राहते आणि आयडलर किती दात्यांचा आहे याचा पिचशी काहीही संबंध राहत नाही. संयुक्त मांडणीत क हा ख ला चालवतो आणि ख च्याच स्टडवर चावीने पक्का बसवलेला ग हा घ ला चालवतो. ख आणि ग यांचे दाते वेगळे असल्यामुळे काहीही रद्द होत नाही आणि गुणोत्तर (क/ख) × (ग/घ) होते.

नेहमीच्या सेटमध्ये २० ते १२० दात्यांपर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने गिअर असतात आणि जोडीला १२७ दात्यांचा एक असतो. पाचच्या टप्प्यातल्या गिअरनी साध्या मांडणीत मिळणारे सर्वांत लहान गुणोत्तर २०/१२०, म्हणजे १/६ आहे. लीड स्क्रू ६ मिमी पिचचा असेल, तर साध्या मांडणीची धाव १ मिमी पिचपाशी संपते. ०.७५ मिमीसाठी १/८ हवे, आणि ते (२०/८०) × (५०/१००) असे संयुक्त मांडणीनेच साधते. संयुक्त मांडणीची गरज मुख्यतः इथून निर्माण होते; ज्या पिचसाठी साधी मांडणी पुरते, तिथे उगाच संयुक्त लावू नये, कारण प्रत्येक वाढीव जोडीबरोबर चुकण्याच्या जागाही वाढतात.

गुणक काय सांगतो

गुणक १.०५८ च्या आसपास आला, तर गिअरकडे पाहण्याची गरजच नाही. ६.३५ ला ६ ने भागले की १.०५८ येते. याचा अर्थ असा, की लीड स्क्रू इंचात चार आट्यांचा, म्हणजे ६.३५ मिमी पिचचा आहे आणि हिशोब तो ६ मिमीचा धरून केलेला आहे. ही चूक फसवी आहे. २ मिमी पिच हवा असताना या चुकीने २.११७ मिमी पिच पडतो, आणि हा अर्ध्या इंची व्हिटवर्थ बोल्टचा, म्हणजे इंचात बारा आट्यांचा पिच आहे. त्यामुळे जॉबवर अगदी नीटनेटके, प्रमाणित दिसणारे आटे पडतात, फक्त ते हवे असलेले नसतात. उलट बाजूने ०.९४५ गुणक आला, तर लीड स्क्रू ६ मिमीचा असून तो इंची समजला गेला आहे. दुसऱ्या मालकाकडून आलेल्या लेथवर हेडस्टॉकवरचा (स्पिंडल असलेल्या भागावरचा) तक्ता खरा मानण्याआधी लीड स्क्रूवर स्टीलची पट्टी धरून चार पिचचे अंतर पाहावे. ते २४ मिमी आहे की २५.४ मिमी, हे डोळ्यांनाही कळते. मोजमाप टेलस्टॉककडच्या, म्हणजे त्याच्या समोरच्या, टोकाला घ्यावे, कारण हेडस्टॉककडचा भाग रोजच्या वापराने झिजलेला असतो.

गुणक ख/ग एवढा आला, तर लीड स्क्रूवरचा गिअर चुकीच्या पातळीत आहे. माझ्या मते संयुक्त मांडणीतील ही सर्वांत जास्त वेळा घडणारी आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारी चूक आहे. साध्या मांडणीत क, आयडलर आणि घ हे तिन्ही गिअर एकाच पातळीत असतात. संयुक्त मांडणीत क आणि ख एका पातळीत, तर ग आणि घ एका गिअरच्या जाडीने बाजूला, दुसऱ्या पातळीत असतात. साधी मांडणी काढून संयुक्त लावताना लीड स्क्रूवरचा बुश (अंतर राखणारी कडी) गिअरच्या दुसऱ्या बाजूला घालायचा राहून गेला, की घ हा ग ऐवजी ख शीच जुळतो. क्वाड्रंट हवा तसा सरकत असल्यामुळे दातेही व्यवस्थित भिडतात आणि काही बिघडले आहे असे वाटत नाही. पण आता ख हा नुसता आयडलर झालेला असतो, ग रिकामा फिरत असतो आणि गुणोत्तर क/घ उरते. उदाहरणार्थ, ६ मिमी लीड स्क्रूवर १.२५ मिमी पिचसाठी ५/२४ हवे आणि ते (२५/६०) × (५०/१००) असे मांडता येते. घ जर ख च्या पातळीत राहिला, तर गुणोत्तर २५/१००, म्हणजे १/४ होते आणि १.५ मिमी पिच पडतो. एम ८ चे आटे पाडायला घ्यावेत आणि एम १० चा पिच निघावा, हा प्रकार असा घडतो. गुणक १.२, आणि ६०/५० सुद्धा १.२.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे मधल्या स्टडवर ख आणि ग यांची आतली-बाहेरची जागा बदलणे. तेव्हा क हा ग ला चालवतो आणि ख हा घ ला, त्यामुळे गुणक ख/ग चा वर्ग येतो. वरच्याच उदाहरणात तो १.४४ होईल आणि पिच १.८ मिमी पडेल. याउलट क आणि ग यांची आपापसात अदलाबदल केली, किंवा ख आणि घ यांची केली, तर गुणोत्तर मुळीच बदलत नाही. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

गुणक बरोबर २ किंवा १/२ असेल, तर टम्बलरकडे, म्हणजे स्पिंडल आणि क चा स्टड यांच्यामधल्या दिशा बदलणाऱ्या गिअरकडे, पाहावे. पुष्कळ लेथवर स्पिंडल आणि क चा स्टड एकास एक फिरतात, पण सगळ्याच नाही. वीज बंद करून चक हाताने दहा वेळा फिरवावा आणि स्टड किती वेळा फिरतो हे खडूची खूण करून मोजावे. तो पाच वेळा फिरला, तर प्रत्येक हिशोबात तो १/२ धरायला हवा होता. दुहेरी आट्यांचे काम असेल आणि गुणक १/२ आला, तर लीडऐवजी पिच धरला गेला आहे. सगळे चालक चालितांच्या जागी लागले असतील, तर गुणक लीड स्क्रूच्या पिचला हव्या पिचने भागून त्याचा वर्ग केल्यावर जे येईल तेवढा असतो. २ मिमीऐवजी १८ मिमी पिच पडलेला पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

यापैकी कशातच गुणक बसत नसेल, तर गिअरवर कोरलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवता दाते प्रत्यक्ष मोजावेत. पाचच्या टप्प्यातले दोन शेजारचे गिअर नजरेने वेगळे ओळखता येत नाहीत आणि जुने आकडे पुसट झालेले असतात.

आता सर्वांत चिवट प्रकार, म्हणजे गुणक १ च्या अगदी जवळ असणे. नट थोडा जाऊन अडकतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी, ही व्याख्या १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून पक्की झाली. २५.४ ला पाचने गुणले की १२७ येते आणि १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे इंच आणि मिलिमीटर यांच्यातले अचूक रूपांतर त्याहून लहान गिअरने होऊ शकत नाही. आपल्याकडे वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ मध्ये झाला, पण इंची लीड स्क्रूचे लेथ त्यानंतरही राहिले आणि पाइपाचे आटे तर आजही इंचातच मोजले जातात. त्यामुळे १२७ च्या गिअरपासून सुटका नाही. चार आट्यांच्या लीड स्क्रूवर २ मिमी पिचसाठी ४०/१२७ लागते. १२७ हाताशी नसला, की कोणीतरी १२६ ची सोय म्हणून ६३ दात्यांचा गिअर घेतो आणि २०/६३ लावतो. यात चूक ०.८ टक्के होते. सहा आटे पकडणाऱ्या नटात ती सुमारे ०.१ मिमी साचते आणि नट अडकतो. ६३ चा गिअर वाईट नाही, वापरण्याची रीत वाईट आहे. तोच गिअर (६३/८०) × (४०/१००) असा चालकाच्या जागी लावला, तर गुणोत्तर ०.३१५ येते. हवे असते ०.३१४९६. चूक ०.०१२५ टक्के, म्हणजे एक मीटर लांबीत केवळ ०.१२५ मिमी. बोल्ट-नटासाठी ती अस्तित्वातच नाही असे मानायला हरकत नाही.

हिशोबात बसते, क्वाड्रंटवर बसत नाही

गिअर ट्रेनच्या रचनेत गुणोत्तर ही पहिली अट आहे, एकमेव नाही. पाठ्यपुस्तकातले गणित गुणोत्तर आले की संपते, आणि वर्कशॉपमधली अडचण तिथूनच सुरू होते. एक उदाहरण सविस्तर घेऊ.

एक इंची पाइपाचे बीएसपी (ब्रिटिश प्रमाणाचे) आटे इंचात अकरा असतात. लीड स्क्रू ६ मिमीचा आहे. पिच २५.४/११, म्हणजे २.३०९ मिमी, त्याला ६ ने भागले की गुणोत्तर १२७/३३० येते. ३३० दात्यांचा गिअर नसतो, म्हणून ते (२० × १२७) / (६० × ११०) असे फोडले. चालक २० आणि १२७, चालित ६० आणि ११०. चालक आपापसात आणि चालित आपापसात बदलले तरी गुणोत्तर तेच राहत असल्यामुळे हे चार गिअर चार प्रकारे लावता येतात. कागदावर चारही सारखेच बरोबर आहेत.

पण मधल्या स्टडवरचा ग हा क च्या स्टडवर जाऊन आपटता कामा नये आणि ख हा लीड स्क्रूच्या दांड्यावर आपटता कामा नये. क च्या स्टडपासून मधल्या स्टडचे अंतर क आणि ख यांच्या दात्यांच्या बेरजेवर ठरते, आणि ग ची बाहेरची त्रिज्या ग च्या दात्यांत दोन मिळवून येणाऱ्या संख्येवर. यावरून कामाचा नियम असा निघतो, की क + ख ही बेरीज ग पेक्षा निदान १५ ने जास्त असावी आणि ग + घ ही बेरीज ख पेक्षा निदान १५ ने जास्त असावी. पंधरातले दोन दाते ग च्या बाहेरच्या उंचीसाठी खर्च होतात आणि तेरा उरतात. मॉड्युल, म्हणजे दात्याच्या आकाराचे मेट्रिक माप, २ असेल तर ते २६ मिमी व्यासाच्या दांड्याला पुरतात. आपल्या लेथचा स्टड किंवा त्यावरची कॉलर याहून जाड असेल, तर १५ चा आकडा त्या प्रमाणात वाढवावा.

आता चार मांडण्या तपासू. (२०/६०) × (१२७/११०) मध्ये क + ख ८० आहे आणि हवेत १४२. १२७ चा गिअर थेट वरच्या स्टडमध्ये घुसतो. (२०/११०) × (१२७/६०) मध्ये ही बेरीज १३० होते, तीही अपुरी. (१२७/११०) × (२०/६०) मध्ये पहिली अट आरामात पुरी होते, पण ग + घ ८० येते आणि ११० च्या गिअरसाठी १२५ हवेत. उरते (१२७/६०) × (२०/११०). यात क + ख १८७ आणि ग १५ मिळवून ३५; ग + घ १३० आणि ख १५ मिळवून ७५. चारांतली ही एकच मांडणी प्रत्यक्ष बसते. एकच मांडणी करून पाहून ‘हे गिअर या लेथवर लागत नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो तो इथे.

दुसरी अट पोहोचण्याची आहे. क चा स्टड आणि लीड स्क्रू यांच्यातले अंतर लेथवर पक्के असते. मधला स्टड या दोघांबरोबर त्रिकोण करतो. मॉड्युल २ असेल, तर दात्यांची बेरीज हेच मिलिमीटरमधले केंद्रांतर असते, ही मोठी सोय आहे. समजा पक्के अंतर २७० मिमी आहे. वरच्या मांडणीत बाजू १८७ आणि १३० येतात, बेरीज ३१७, त्रिकोण होतो. पण आधी सांगितलेली ०.७५ मिमीची (२०/८०) × (५०/१००) ही मांडणी घेतली, तर बाजू १०० आणि १५० येतात, बेरीज २५० च भरते आणि गिअर एकमेकांपर्यंत पोहोचतच नाहीत. अशा वेळी गुणोत्तर तेच ठेवून गिअर मोठे घ्यावेत. (२५/१००) × (६०/१२०) मध्ये बाजू १२५ आणि १८० होतात आणि काम होते. मोठे घेण्यालाही मर्यादा आहे, कारण क्वाड्रंट लीड स्क्रूभोवती फिरतो आणि मधला स्टड त्याच्या खाचेतच सरकतो. ग + घ ही बेरीज खाचेच्या टोकापलीकडे जाता कामा नये. अकरा आट्यांसाठीच (४०/१२०) × (१२७/११०) घेतले, तर आपटण्याचा नियम पाळला जातो, पण मधला स्टड लीड स्क्रूपासून २३७ मिमी दूर जातो. २०० मिमीपर्यंतच खाच असलेल्या क्वाड्रंटवर ही मांडणी व्यर्थ आहे.

१२७ चा गिअर वरच्या स्टडवर लावल्याने गिअरचे झाकण बंद होत नसेल, तर झाकण काढून चालवू नये. फिरत्या चेंज गिअरमध्ये बाही किंवा चिंधी सापडण्याचा धोका खरा आहे. त्याऐवजी इथे एक सुंदर पळवाट आहे. ५/१३ हे गुणोत्तर १२७/३३० च्या अगदी जवळ आहे आणि ते २५/६५ अशा साध्या मांडणीने मिळते. पिच २.३०९१ ऐवजी २.३०७७ मिमी पडतो. एक इंच लांबीत चूक ०.०१५ मिमी होते आणि पाइपाच्या सॉकेटला तिचा पत्ताही लागत नाही. आयडलर निवडताना मात्र तोच त्रिकोण पाहावा. मधले अंतर २७० असेल आणि आयडलरचे दाते य मानले, तर (२५ + य) आणि (य + ६५) यांची बेरीज २७० च्या वर जायला हवी, म्हणजे य ९० पेक्षा जास्त हवा. १०० चा घ्यावा. आयडलर कोणताही चालतो, हे गुणोत्तरापुरते खरे आहे.

अशीच दुसरी उपयोगी जोडी म्हणजे ११०/१०५. मॉड्युल २ च्या वर्मचा (गिअर फिरवणाऱ्या स्क्रूचा) पिच २ गुणिले पाय, म्हणजे ६.२८३२ मिमी असतो. ६ मिमी लीड स्क्रूवर ११०/१०५ लावले की ६.२८५७ मिमी मिळतो. चूक ०.०४ टक्के आहे आणि लहान वर्मला ती चालते.

आटे उलटे पडत असतील तर

बाहेरून भिडणाऱ्या गिअरच्या प्रत्येक जोडीला दिशा एकदा उलटते. त्यामुळे गिअर मोजू नयेत, जोड्या मोजाव्यात. लीड स्क्रू उजवा असेल, तर उजव्या आट्यांसाठी तो स्पिंडलच्याच दिशेने फिरला पाहिजे. एक आयडलर असलेली साधी मांडणी आणि एका मधल्या स्टडची संयुक्त मांडणी या दोन्हींत जोड्या दोनच असतात, म्हणून एकातून दुसरीकडे जाताना दिशा बदलत नाही. अंतर भरण्यासाठी दुसरा आयडलर घातला की मात्र जोड्या तीन होतात आणि आटे डावे पडतात. उपाय सोपा आहे, टम्बलरचा लिव्हर दुसऱ्या बाजूला टाकावा. स्पिंडल उलटा फिरवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण स्पिंडल आणि लीड स्क्रू दोन्ही एकदमच उलटतात आणि आटे डावेच राहतात.

सरासरी बरोबर, पण आटे लाटेसारखे

दहा पिच मोजल्यावर बरोबर भरतात, पण मधले आटे एकमेकांपासून कमी-जास्त अंतरावर असतात, हा प्रकार वेगळा आहे. फेऱ्यांची सरासरी दात्यांच्या संख्येवरच ठरते. गिअर कितीही वाकडा असला तरी ती बदलत नाही. म्हणून अशा वेळी हिशोब पुन्हा करत बसण्यात अर्थ नाही, गिअर पाहावेत. छिद्र मध्यातून सरकलेला गिअर प्रत्येक फेऱ्याला एकदा पुढे ओढतो आणि एकदा मागे राहतो. सेटमध्ये नसलेला म्हणून बाजारातून आणलेला १२७ चा गिअर मॉड्युल २ ऐवजी १२ डीपीचा (इंची मापाच्या दात्यांचा) निघतो, हेही घडते. १२ डीपी म्हणजे मॉड्युल २.११७, आणि हे दाते एकमेकांशी घासत, आवाज करत कसेबसे फिरतात. ओळख सोपी आहे: मॉड्युल २ चा १२७ दात्यांचा गिअर बाहेरून २५८ मिमी भरला पाहिजे, १२ डीपीचा सुमारे २७३ मिमी भरतो. दात्यांचा दाबकोन (दात्याच्या बाजूचा कल) १४.५ अंश आहे की २० अंश, हेही विकत घेताना विचारून घ्यावे, कारण मॉड्युल जुळूनही हे दोन प्रकार एकमेकांबरोबर नीट चालत नाहीत.

दाते भिडवताना दोन्ही गिअरच्या मध्ये साध्या कागदाची पट्टी धरावी, गिअर दाबून स्टड आवळावा आणि मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दात्यांच्या वळ्या स्पष्ट उमटल्या पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. घट्ट भिडवलेले गिअर गुंजतात आणि स्टड गरम होतो. सैल भिडवलेल्या गिअरमुळे पिच बिघडतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. सर्व कट एकाच दिशेने घेतले, तर मोकळीक सुरुवातीलाच एका बाजूला निघून जाते. फक्त टूल जॉबच्या टोकापासून दोन-तीन पिच अलीकडूनच सुरू करावे.

गुणक १ आहे, तरीही आटे फुटतात

इथे दोष गिअरचा नसून हाफ नटचा, म्हणजे कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणाऱ्या उघडबंद नटचा, असतो, आणि तरीही गिअरच बदलले जातात. पहिला कट बरोबर पडतो, दुसरा कट पहिल्याच्या मधोमध किंवा बाजूला पडतो आणि आट्यांचा माथा कापला जातो. लीड स्क्रूच्या पिचला पाडायच्या पिचने निःशेष भाग जात असेल, तरच हाफ नट कुठेही उघडून कुठेही बंद करता येतो. ६ मिमी लीड स्क्रूवर १, १.५, २ आणि ३ मिमी यांना ही मुभा आहे, १.२५, १.७५ आणि २.५ मिमी यांना नाही. त्यांच्यासाठी थ्रेड डायल, म्हणजे हाफ नट केव्हा बंद करायचा हे दाखवणारी तबकडी, वापरावा. इंची आटे मेट्रिक लीड स्क्रूवर, किंवा मेट्रिक आटे इंची लीड स्क्रूवर पाडताना हाफ नट पहिल्या कटापासून शेवटच्या कटापर्यंत उघडूच नये. टूल मागे घेऊन मोटर उलटी चालवावी आणि कॅरेज तशीच परत आणावी.

मांडणी पूर्ण झाल्यावर जॉबला टूल लावण्याआधीची तपासणीही याच हाफ नटने होते. वीज बंद असताना हाफ नट लावावा, चक कापण्याच्या दिशेने थोडा फिरवून सगळी मोकळीक काढून टाकावी, कॅरेजला डायल गेज किंवा व्हर्निअर लावावे आणि चक हाताने मोजून फिरवावा. अकरा आट्यांच्या कामात अकरा फेऱ्यांत कॅरेज २५.४ मिमी सरकली पाहिजे, २ मिमी पिचच्या कामात दहा फेऱ्यांत २० मिमी. २१.१७ मिमी सरकली, तर लीड स्क्रू इंची आहे.